घर घेऊन बाजाराला

अमेरिकेत मोटरहोम म्हणजे सुटीची गाडी. उन्हाळ्यात यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनला जाऊन यायचं आणि उरलेलं वर्ष ती अंगणाच्या कडेला, नाहीतर भाड्याच्या जागेत झाकून ठेवायची, असा तिथला रिवाज. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीत विनेबागो कंपनीने १९६६ साली मोटरहोम बनवायला सुरुवात केली आणि हे फिरतं घर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट आज या उद्योगाची राजधानी म्हणून ओळखलं जातं. पण गाडी घेतल्यावर बऱ्याच मालकांच्या मनात एक प्रश्न येतोच. एवढे पैसे घातलेली वस्तू वर्षातले दहा महिने उभी का ठेवायची? बाजारहाट, दवाखाना, देऊळ, मित्रांकडे जाणंयेणं हे सगळं तिच्यातूनच का करू नये?

प्रश्न वरवर हौसेचा वाटतो, पण त्यात पैसा आहे, रस्ता आहे, शेजार आहे आणि आजारपणही आहे. म्हणून दोन्ही बाजू समोरासमोर मांडतो. पुढच्या संवादातले मामा आणि भाची ही पात्रं या लेखापुरती आहेत, त्यांच्या तोंडची माहिती मात्र खरी आहे. मामा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात तीसेक वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले यांत्रिकी अभियंते. दारात ३२ फुटी, पेट्रोलवर चालणारी 'क्लास ए' मोटरहोम, म्हणजे बससारखा सपाट चेहरा असलेली. भाची तिथल्याच एका शहरात रस्त्यांच्या नियोजनाचं काम करते.

मामा : मी छोटी गाडी विकायची म्हणतोय. दारात दोन गाड्या कशाला? एक रोज पळते आणि दुसरी झाकून ठेवलेली. झाकली की जपली जाते असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ती उभ्या उभ्या खराब होते.

भाची : उभी राहून कशी खराब होईल? झीज चालल्यानेच होते ना?

मामा : टायरपासून सुरुवात करू. टायरच्या बाजूला 'डॉट' या अक्षरांपुढे एक ओळ असते. तिचे शेवटचे चार अंक बघ. २३१९ असेल, तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. मोटरहोमचे टायर नक्षी झिजून क्वचित बाद होतात, ते वयाने बाद होतात. रबरात ओझोनपासून बचाव करणारी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, मोकळा होतो, तशी ती पृष्ठभागावर येत राहतात. महिनोन् महिने एका जागी उभा राहिला की ती येत नाहीत आणि बाजूला बारीक भेगा पडतात. नक्षी जाडजूड दिसत असतानाही सहा-सात वर्षांनी सहाच्या सहा टायर बदलावे लागतात. जनरेटरचं तेच. महिन्यातून एकदा निम्म्या भारावर दोनेक तास चालवा, असं बनवणारेच सांगतात, नाहीतर आत पेट्रोल चिकट होऊन बसतं. बॅटऱ्या उतरतात. छताच्या सांध्यांवरचं सीलंट तडकतं आणि पाणी आत झिरपायला लागलं तरी पत्ता लागत नाही, कारण आत कुणी पाऊलच टाकलेलं नसतं. गाडी रोज वापरात असली की यातलं प्रत्येक दुखणं वेळेवर कळतं.

भाची : निदान मान्य, औषध मान्य नाही. उभं राहून खराब होते, तर महिन्यातून एकदा तीस-चाळीस मैल फिरवून आण. टायर फिरतील, इंजिन पूर्ण तापेल, बॅटऱ्या भरतील. रोज दोन मैलांवरच्या दुकानात नेण्याने उलटंच होतं. एवढ्या अंतरात ७.३ लिटरचं व्ही-८ इंजिन नीट तापत नाही. थंड इंजिनात ज्वलनातून निघालेली वाफ तेलात आणि धुराड्यात पाणी होऊन साठते. हे तूच मला शिकवलंस, माझी पहिली गाडी घेतली तेव्हा.

मामा : ते खरं. पण मी दोन मैलांवर जाऊन लगेच परतणार नाही. देऊळ, वाणसामान, लायब्ररी अशी एका फेरीत चार कामं करणार.

भाची : आणि घराचं काय? मोटरहोममध्ये गाडी एक आणि तिच्या पाठीवर घर दुसरं. खालची फोर्डची चासी ट्रकच्या जातीची, ती दोन लाख मैल काढेल. वरचं घर पातळ प्लायवूड, फायबरग्लास आणि स्क्रूंचं आहे. प्रत्येक खड्ड्याला ते हादरतं. कपाटांच्या कड्या ढिल्या होतात, नळांचे जोड सुटतात. हायवेवर सपाट रस्त्याने पाचशे मैल गेल्याने जेवढा त्रास होत नाही, तेवढा गल्लीतल्या स्पीडब्रेकरांनी होतो. शिवाय निघण्याआधीची ती सगळी यादी! विजेची केबल काढून गुंडाळायची, बाहेर सरकवलेली खोली आत घ्यायची, खालचे जॅक वर घ्यायचे, छताच्या खिडक्या लावायच्या, पायरी आत, फ्रिजची कडी, शेगडीवरचं झाकण. मामी कुकर ओट्यावर विसरली, तर पहिल्याच वळणाला तो जमिनीवर. कोथिंबिरीच्या जुडीसाठी एवढा सोपस्कार?

मामा : रोजच्या वापराला मी खोली बाहेर काढणारच नाही, जॅकही टेकवणार नाही. भांडी खणात, खणांना कडी. सवय लागली की पाच मिनिटांचं काम. अगं, माणसांनी या गाड्यांतून नोकऱ्या केल्या आहेत. सीबीएस वाहिनीचे चार्ल्स कुराल्ट १९६७ पासून मोटरहोमने अमेरिका पालथी घालत होते. छोट्या गावांतल्या साध्या माणसांच्या बातम्या त्यांनी 'ऑन द रोड' या सदरातून दिल्या. त्यांची एक गाडी आज मिशिगनच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. त्यांच्या दृष्टीने ती रोजच्या कामाचीच गाडी होती.

भाची : कुराल्ट गावोगाव जात होते आणि त्या गाडीत त्यांचा संसार, कॅमेरे, सहकारी सगळं होतं. घराचा उपयोग होत होता म्हणून घर बरोबर होतं. तू लायब्ररीत पुस्तक परत करायला जाशील, तेव्हा तुझ्यामागे पलंग, स्नानघर, पाण्याच्या टाक्या आणि गॅसची टाकी विनाकारण प्रवास करत असतील. पेट्रोलचा हिशेब केलास का?

मामा : केलाय. वर्षाला सहा हजार मैल धरू, निवृत्त माणसाला पुष्कळ झाले. मोटरहोम गॅलनला आठ मैल देते, म्हणजे ७५० गॅलन. आपली हायब्रिड पन्नास देते, म्हणजे १२० गॅलन. गॅलनला साडेचार डॉलर धरले, तर ३,३७५ विरुद्ध ५४०. फरक २,८३५ डॉलरचा. आता दुसऱ्या गाडीचा विमा, नोंदणी, देखभाल आणि दरवर्षी उतरणारी किंमत धर. त्यातली बरीचशी रक्कम भरून निघते. खिशाच्या हिशेबाने मी फार तोट्यात नाही.

भाची : खिशाच्या हिशेबाने कदाचित नसशील, हे मी मानते. पण दोन गोष्टी धरल्या नाहीस. एक म्हणजे विमा. मोटरहोमचा विमा सहसा सुटीतल्या वापरावर बेतलेला असतो. रोज वापरणार असशील, तर कंपनीला आधी सांगावं लागेल आणि हप्ता बदलेल. न सांगता वापरलीस आणि अपघात झाला, तर भरपाईवरून वाद होईल. दुसरी गोष्ट धुराची. एक गॅलन पेट्रोल जळलं की सुमारे ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तुझ्या ७५० गॅलनचा साडेसहा टनांहून जास्त होतो, १२० गॅलनचा एक टनाच्या आसपास. हा फरक तुझ्या बिलात कुठेच दिसत नाही.

मामा : हे बोलणं मला लागतं, आणि लागायलाच हवं. पण रस्त्यावर दर आठवड्याला कचऱ्याचा ट्रक येतो, रोज बस येतात, पार्सलच्या गाड्या येतात. त्यांना कुणी विचारत नाही.

भाची : त्यांना आम्ही विचारतो, माझं कामच ते आहे. बसमध्ये चाळीस माणसं असतात. कचऱ्याचा ट्रक शेकडो घरांचं काम एका फेरीत करतो. १९५०च्या दशकाच्या अखेरीला इलिनॉयमधल्या ओटावाजवळ रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवून मोठी चाचणी घेतली गेली. तिच्यातून निघालेलं सूत्र आम्ही आजही वापरतो. रस्त्याचं नुकसान आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. छोट्या गाडीच्या एका आसावर पाऊण-एक टन असतो, तुझ्या मागच्या आसावर सहा टन. ढोबळमानाने तुझी एक फेरी छोट्या गाडीच्या हजारो फेऱ्यांएवढी. वर्षातून दोनदा गल्लीतून निघून हायवेला लागलास, तर त्याचं काही नाही. रोज त्याच गल्लीतून गेलास, तर डांबर ते लक्षात ठेवतं.

मामा : रस्ते कर देऊन बांधतात, आणि मी पेट्रोलवर जास्त कर देतोच की.

भाची : थोडा जास्त देतोस. डांबर सोड, माणसांची गोष्ट करू. तुझी गाडी साडेआठ फूट रुंद आहे, कायद्याने परवानगी असलेल्या कमाल रुंदीची. आरसे त्याच्या बाहेर. शहरातली मार्गिका कित्येक ठिकाणी दहा-अकरा फुटांचीच असते. सायकलवाल्याला जागा कुठे उरली? त्यात मागच्या चाकांच्या मागे तुझं दहा फूट घर बाहेर लोंबतं. तू उजवीकडे पूर्ण स्टिअरिंग फिरवलंस की मागचा डावा कोपरा डावीकडे दोन फुटांहून जास्त बाहेर जातो. तू पुढे बघत असतोस, आणि मागे शेजारच्या मार्गिकेत स्कूटर उभी असते. दुकानाच्या पार्किंगमध्ये तर ट्रॉली ढकलणारी आई आणि तिच्याबरोबर चार वर्षांचं पोर. ते पोर तुझ्या आरशात दिसणार नाही.

मामा : कॅमेरे आहेत. आणि मी रिकाम्या मैदानात शंकू लावून सराव केलाय. कुठे कोपरा किती जातो, ते जमिनीवर खडूने आखून पाहिलंय.

भाची : तू केलायस, कारण तू तू आहेस. कायदा मात्र तशी अट घालत नाही. कॅलिफोर्नियात चाळीस फुटांपर्यंतची मोटरहोम साध्या गाडीच्या परवान्यावर चालवता येते. बसचा चालक प्रशिक्षण घेतो, परीक्षा देतो आणि ठरलेल्या मार्गाने जातो. तुझ्यासारख्याने सकाळी हॅचबॅक विकली आणि दुपारी नऊ टनांची गाडी शाळेसमोरून नेली, तरी कुणी अडवणार नाही. सुटीत ही गाडी हायवेवर आणि कॅम्पग्राउंडवर असते, तिथे जागा मोकळी असते. रोजच्या वापरात ती नेमकी तिथे येते, जिथे माणसं पायी चालत असतात.

मामा : हा मुद्दा मला खोडता येत नाही. आता माझा खरा मुद्दा ऐक. आतापर्यंत मी टायरचं आणि पैशाचं बोललो, कारण ते बोलायला सोपं होतं. मामीला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, तुला ठाऊक आहे. तिचं घराबाहेर पडणं कसं असतं, ते तू पाहिलेलं नाहीस. निघायच्या आधी ती दोन तास काही खात नाही. हातात नकाशा असतो, पण त्यावर रस्ते नसतात, स्वच्छतागृहं असतात. या पेट्रोल पंपावर किल्ली मागावी लागते, त्या कॅफेत काहीतरी विकत घ्यावं लागतं, अमक्या दुकानात मागच्या बाजूला आहे पण कर्मचाऱ्यांसाठीच. इलिनॉयने २००५ मध्ये पहिल्यांदा कायदा केला, की असा आजार असलेल्या माणसाला दुकानाने कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह वापरू द्यावं. आता कॅलिफोर्नियातही तसा कायदा आहे. पण डॉक्टरांची चिठ्ठी काढून काउंटरवरच्या वीस वर्षांच्या मुलाला आपलं पोट समजावून सांगणं, हे किती जणींना जमेल? मामीला जमत नाही. ती घरीच राहते. गेली संक्रांत, गेला गणपती, मंडळाचं नाटक, सगळीकडे मी एकटा गेलो.

भाची : मला वाटायचं, तिला गर्दी आवडेनाशी झाली.

मामा : लोकांना तसंच सांगतो आम्ही. मोटरहोममधून मात्र ती येते. दर आठ आठवड्यांनी शिरेतून औषध घ्यायचं असतं. दोन तास ते, त्याच्या आधी थांबणं, नंतर ग्लानी. मागे पलंगावर तासभर पडते, वरणभात तिथेच गरम करते आणि मग आम्ही निघतो. तिच्या तोंडावरची ती भीती जाते. तू म्हणतेस, पलंग आणि स्नानघर विनाकारण प्रवास करतात. तिच्यासाठी ते विनाकारण नाही.

भाची : नाही, ते विनाकारण नाही. त्या फेऱ्यांबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण मामीचाच विचार करून एक विचारते. गाडी चालू असताना तिला उठून मागे जाता येतं का?

मामा : जाऊ देत नाही. पट्टा सोडून चालत्या गाडीत उभं राहणं म्हणजे हाडं मोडून घेणं. मी गाडी थांबवतो.

भाची : कुठे थांबवतोस? एल कमिनोसारख्या गजबजलेल्या रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता ३२ फूट गाडी बाजूला घेता येईल अशी जागा किती मैलांवर मिळते? तिला लागलं आणि तुला जागा सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली, तर स्नानघर मागे असून काय फायदा? एकोणीस-वीस फुटांची छोटी कॅम्पर व्हॅन साध्या पार्किंगच्या चौकटीत कशीबशी मावते, रस्त्याच्या कडेला पटकन घेता येते आणि गॅलनला पंधराएक मैल देते. तिच्यातही शौचकूप असतं. मामीला रोज लागतं ते जवळचं स्वच्छतागृह. त्याच्याभोवती ३२ फूट असायलाच हवेत असं नाही.

मामा : विचार केला होता. छोट्या व्हॅनमधलं स्नानघर कपाटाएवढं असतं. मामीच्या गुडघ्यांना त्यात बसून उठणं जड जातं. मैल्याची टाकी लहान, म्हणजे रिकामी करायला सारखं डंप स्टेशन गाठा. पलंग मांडावा लागतो, आयता नसतो. आणि छतावर एसी असलेली व्हॅनही हॉस्पिटलच्या बहुमजली पार्किंगमध्ये जात नाही, तिथली उंची सात-आठ फूट असते.

भाची : म्हणजे प्रत्येक गाडीत काहीतरी सोडावं लागतंच. मग ती एकच गाडी सगळ्या कामांना कशाला लावायची? आणखी एक, सुरक्षिततेचं. पुढच्या एअरबॅगची सक्ती इथे ८,५०० पौंडांपर्यंतच्या गाड्यांनाच आहे. तुझी गाडी त्याच्या दुपटीहून जड. जिथे घर लागणार नाही, तिथे मामीला एअरबॅग असलेल्या गाडीतून ने.

मामा : तू तिला सारखं गाडी म्हणतेस. माझ्या लेखी ती घर आहे. इथला आयकर विभागसुद्धा तेच म्हणतो. झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असेल, तर मोटरहोम दुसरं घर धरता येतं आणि कर्जाच्या व्याजावर वजावट मिळू शकते.

भाची : आणि सर्वोच्च न्यायालय काय म्हणतं? १९८५ मधला 'कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी' हा खटला. सॅन डिएगोत शहराच्या मध्यभागी पार्किंगमध्ये मोटरहोम उभी होती, आणि पोलिसांनी वॉरंट न घेता झडती घेतली. आरोपीचं म्हणणं, हे माझं घर आहे. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की रस्त्यावर धावायला तयार असलेलं वाहन ते वाहनच. घराला असलेलं संरक्षण तिथे मिळणार नाही. मला तो निकाल फार पटतो असं नाही, पण त्यातला एक भाग रोजच्या वापराला लागू आहे. रस्त्यावर आलास की तू आधी चालक आहेस. आत वरणभात शिजतोय म्हणून बाहेरच्या माणसाला जागा कमी पडलेली चालणार नाही.

मामा : चालक म्हणून जबाबदारी माझी, हे कबूल. मग निदान दारात उभी करू दे. ड्राइव्हवे पुरत नाही, रस्त्यावर लावतो आणि बहात्तर तासांच्या आत हलवतो. नियम पाळतोच.

भाची : नियम पाळतोस, पण त्याचे परिणाम दुसऱ्यावर होतात. इथल्याच माउंटन व्ह्यू शहरात घरभाडं न परवडणारे कितीतरी लोक मोटरहोममध्येच राहतात. त्यांत नोकरी करणारे आहेत, शाळेत जाणारी मुलं आहेत. २०२० साली तिथल्या मतदारांनी अरुंद रस्त्यांवर मोठी वाहनं लावायला बंदी घातली. अशा बंदीमागे शेजाऱ्यांचा राग असतो : दिसायला अडथळा, जागा अडते, कोपऱ्यावर गाडी दिसत नाही. ज्यांच्याकडे घर आहे त्यांनी हौसेने किंवा सोयीने मोठी गाडी रस्त्यावर लावली, की तो राग वाढतो आणि बंदी येते. बंदी आल्यावर तू भाड्याची जागा घेशील. ज्याचं तेच एक घर आहे, तो कुठे जाईल?

मामा : या बाजूने मी पाहिलं नव्हतं. पण मग तूही एक गोष्ट पाहा. मामीला ३२ फुटी गाडी का लागते? शहरात तिला जायला जागा नाही म्हणून. तुमचा विभाग मैलभर सुंदर पदपथ बांधतो, झाडं लावतो, सायकलचा हिरवा पट्टा रंगवतो. त्या मैलभरात एक स्वच्छतागृह नसतं. पुण्यात २०१६ पासून पीएमपीच्या जुन्या बसगाड्यांची बायकांसाठी स्वच्छतागृहं केली, 'ती' नावाने. मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' म्हणून चळवळ उभी केली. आपल्याकडे हा प्रश्न निदान चव्हाट्यावर आला. इथे एवढ्या श्रीमंत बे एरियात प्रत्येकाने आपापली सोय बघायची. मी माझी सोय चाकांवर बसवली, एवढंच.

भाची : यावर मला उत्तर नाही. बांधायला पैसे मिळतात, रोज साफ करणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाहीत, म्हणून स्वच्छतागृह आराखड्यातून सर्वांत आधी गळतं. मी स्वतः ते गळताना पाहिलंय आणि गप्प बसलेय. पुण्याच्या बसमधलं मला आवडतं ते हे, की ती मोठी गाडी एका जागी उभी राहते आणि दिवसभर अनेकींच्या उपयोगी पडते. तुझी मोठी गाडी शहरभर फिरते आणि एकीच्याच उपयोगी पडते. आमच्या कामात कमी पडलेलं तू पेट्रोल जाळून भरून काढतोयस.

मामा : मग काय ठरवायचं?

भाची : निघताना एक प्रश्न विचार. या फेरीत घर वापरलं जाणार आहे का? मामी बरोबर आहे, दिवस मोठा आहे, हॉस्पिटल आहे, मंडळाचा कार्यक्रम चार तासांचा आहे, तर मोटरहोम ने, आणि कुणी वाकड्या नजरेने पाहिलं तर माझं नाव सांग. आधी फोन करून मोकळ्या पार्किंगची जागा विचारून ठेव. शाळा सुटायची वेळ टाळ. पण तू एकटा दूध, पुस्तकं, औषधं आणायला निघालास, तर छोटी गाडी. ती विकू नकोस.

मामा : विकत नाही. पण मंडळाच्या गणपतीला शाळेच्या मैदानात मोटरहोम लावणार, आणि तिचं स्नानघर मामीसारख्या इतर आज्या-मावश्यांना उघडं ठेवणार. चालेल?

भाची : चालेल. आणि पुढच्या आराखड्यात स्वच्छतागृह गळायला लागलं, की मी या वेळी बोलेन. तू जाहीर सुनावणीला ये आणि मामीच्या वतीने दोन मिनिटं बोल. नागरिकांनी तोंडाने सांगितलेलं कागदावर येतं, आमच्या टिपणांपेक्षा त्याला वजन जास्त.

दोघांचं म्हणणं ऐकून माझं मत असं झालं आहे. मोठी मोटरहोम ही घरातली एकमेव, रोजची गाडी करणं चूक आहे. पेट्रोलच्या खर्चाचा वाद मिटवता येतो. पण वळणावर बाहेर येणारा मागचा कोपरा, पायी चालणाऱ्यांना कमी पडणारी जागा आणि त्या गाडीतच संसार असलेल्या माणसांवर येणारी बंदी, याची भरपाई कुठल्याही हिशेबात होत नाही. त्याच वेळी आजारी, वृद्ध किंवा अपंग माणसाला घराबाहेर पडणं जिच्यामुळे शक्य होतं, ती गाडी कितीही मोठी असली तरी चैनीची नाही. तिला नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपल्या शहरात, मग ते सनीवेल असो की सांगली, घरापासून बाजारापर्यंतच्या वाटेवर उघडी आणि स्वच्छ अशी किती स्वच्छतागृहं आहेत ते मोजावं, आणि कमी असतील तर नगरपालिकेला तसं लिहून द्यावं.

बाकीच्या मालकांना सांगणं साधं आहे. महिन्यातून एकदा मोटरहोम तीस-चाळीस मैल फिरवून आणा, जनरेटर चालवा, छताचे सांधे तपासा, टायरवरची तारीख वाचा. रोजच्या वापराचे फायदे म्हणून जे सांगितले जातात, त्यातले बहुतेक एवढ्याने मिळतात. दुधाला छोटी गाडी न्या, आणि जमेल त्याने चालत जावं.